घाटात दम टाकते, गॅरेजमध्ये ठणठणीत: जुन्या कार्बोरेटर गाडीचा बिघाड कसा सापडला

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे की वेगळी, ते लगेच कळेल.

गाडी १९९६ ची. लहान, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). बाबांनी नवी घेतलेली, आता मी चालवते. महिन्यातून दोनदा पुणे ते वाई. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, आयडलिंग (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकसारखं, गावात फिरवा, सपाट रस्त्यावर साठने न्या, काही तक्रार नाही. शिरवळ मागे पडून खंबाटकीचा चढ लागला की सुरुवात नीट होते, आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये असताना ओढ हळूहळू कमी होत जाते. पाय दाबावा तशी अजून मरगळते. पुढे झटके सुरू होतात. पाय सोडून दुसऱ्या गिअरमध्ये घेतली की थोडी सावरते आणि परत तेच. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली की उरलेला घाट काहीच न झाल्यासारखी चढते. आणि कित्येक फेऱ्यांना हे होतच नाही.

दीड वर्ष मी याच्या मागे होते. तेवढ्या काळात प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, इग्निशन कॉईल बदलून झाली. पेट्रोल फिल्टर दोनदा. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, नंतर त्याचा नवा किट टाकला. दर वेळी एक-दोन फेऱ्या सुखाच्या गेल्या आणि वाटलं, सापडलं. मग पुन्हा तोच चढ आणि तेच झटके. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात पैसे जातात ते इथेच. दोन फेऱ्या त्रास झाला नाही म्हणून आपण नव्या पार्टला श्रेय देतो, पण पार्ट बदलायच्या आधीही दोन-दोन फेऱ्या त्रास होत नव्हताच की!

शेवटी वाईतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"ताई, आत्ता मिसिंग करतीय का?"

"नाही काका, आत्ता छान आहे."

"मग आत्ता मी बघू काय? ज्या वेळी बिघडती त्या वेळी बघायला पाहिजे. पेट्रोल मरतंय का करंट मरतोय, तेवढं फक्त बघून या. बाकीचं मग मी बघतो."

मिसिंग म्हणजे झटके खाणं आणि करंट म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज. आणि वही घालायला सांगितली. बिघाड आला तरी लिहायचं, नाही आला तरी लिहायचं. न आलेल्या फेऱ्या लिहिणं हे मला सुचलंच नसतं, आणि उत्तराची अर्धी वाट त्यातूनच निघाली.

वही काय बोलली

तारीख, वेळ, हवा कशी, गाडीत किती माणसं, टाकीत पेट्रोल किती, बिघाड कुठे आला, बंद ठेवल्यावर किती वेळाने सुधारली. एवढंच. चार महिन्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यांपैकी सहा बिघाडाच्या. सहाही चढावरच्या. सहाही वेळा टाकी निम्म्याच्या खाली. टाकी भरून निघालेल्या एकाही फेरीत त्रास नाही. उताराला कधीच नाही. यातली एक नोंद जानेवारीतली, पहाटे सातची, अंगावर स्वेटर असतानाची. त्या एका नोंदीने बऱ्याच शंका निकालात निघाल्या. तोवर जो तो मला सांगत होता की इंजिनाच्या उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. मे महिन्यातल्या दुपारी तसं होतं, खरं आहे. पण थंडीत, पहाटे, पळत्या गाडीत तेच कारण असण्याची शक्यता फार कमी.

आता टाकीतल्या पातळीचा आणि चढाचा काय संबंध? गाडीची टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हा पंप इंजिनाच्या कॅमवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या उंचवट्याच्या दांड्यावर) चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. गाडी चढाला लागली की नाक वर, शेपूट खाली. म्हणजे पंपाला पेट्रोल जास्त उंचीवर ओढायचं आणि टाकी रिकामी असेल तर त्याहून जास्त. त्यात मागणीही त्याच वेळी सगळ्यात मोठी.

मागणीचा हिशोब मी त्याच वहीत मांडला. चढाला गाडी लिटरला ८ किलोमीटर देते असं धरा आणि वेग ताशी ४८. म्हणजे तासाला ६ लिटर, मिनिटाला १०० मिली. सपाटीला ताशी ६० ने लिटरला १८ धरलं तर मिनिटाला ५५ मिली. नुसत्या आयडलिंगला मिनिटाला १० मिलीच्या आसपास. गॅरेजमध्ये उभी करून आपण जी गाडी तपासतो ती १० मिलीवाली, आणि बिघडते ती १०० मिलीवाली. कुठेतरी पेट्रोलची वाट अर्धी अडली असेल तर ती गॅरेजमध्ये दिसणार कशी?

चढ सुरू झाल्या झाल्या गाडी का मरत नाही, तेही यातच आहे. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. ते पन्नासेक मिली धरलं तर मागून काहीच आलं नाही तरी अर्धा मिनिट निघतं. थोडं थोडं येत असेल तर दोन-तीन मिनिटंही निघतात. म्हणजे अडथळा आधीच सुरू झालेला असतो, आपल्याला कळतं ते वाटी रिकामी होत आल्यावर.

पेट्रोल की करंट: रस्त्याच्या कडेची तपासणी

चालवतानाच थोडा अंदाज येतो. करंट तुटतो तेव्हा गाडी दिवा बंद-चालू केल्यासारखी एकदम तुटते आणि एकदम येते. पेट्रोल कमी पडतं तेव्हा ती आधी दम टाकते, खेचणं मंदावतं आणि झटके नंतर. पूर्ण भरवसा ठेवू नका, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरवता येतं.

पक्कं ठरवायचं असेल तर बिघाडाच्या क्षणीच बघायला हवं, आणि इथे मी आधी वर्षभर एक चूक करत होते. गाडी बाजूला घेऊन आयडलिंगला ठेवायची, उतरून बॉनेट उघडायचं. पण आयडलिंगची मागणी इतकी कमी की तेवढ्या मिनिटाभरात पंप वाटी पुन्हा भरून टाकतो, आणि बघायला जावं तर सगळं ठीक. म्हणून गाडी मरगळली की सुरक्षित रुंद जागा बघून कडेला घ्या, थांबल्या थांबल्या किल्ली बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, चारही इंडिकेटर लावा. घाटात वळणावर थांबू नका. मागून ट्रेलर येत असतात. तपासणी हुकली तरी चालेल.

मग एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चने बघायचं आणि हाताने ॲक्सिलरेटरची दांडी ओढायची. इंजिन बंदच. वाटीत पेट्रोल असेल तर आत बारीक पिचकारी उडते, स्पष्ट दिसते. माझ्या गाडीत पहिल्या ओढीला दोन थेंब आले, दुसऱ्या ओढीला काहीच नाही. वाटी कोरडी. काही कार्बोरेटरना वाटीच्या बाजूला काचेची छोटी खिडकी असते, त्यातूनही पातळी दिसते. पारदर्शक फिल्टरमध्येही बघितलं: तळाला अर्धा इंच पेट्रोल, वर सगळं रिकामं. दीड वर्षात बदललेल्या प्लग, वायरी, कॅप, कॉईल यांचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

तुमची पिचकारी जोरात उडाली तर मात्र करंट तपासा. कार्बोरेटर झाकून, सांडलेलं पेट्रोल पुसून, एक सुटा प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळट आणि मलूल ठिणगी आली, किंवा येत-जात राहिली, तर कॉईल, तिचे कनेक्शन, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (ठिणगी कधी पडायची ते सांगणारा सेन्सर) इथे जा. पेट्रोलच्या वासात ही तपासणी अजिबात करू नका. गाडीत अग्निशामक नळकांडं ठेवा, जुन्या पेट्रोल गाडीत ते स्टेपनीइतकंच गरजेचं आहे.

त्याच वेळी टाकीचं झाकणही उघडून बघायचं. झाकणाला हवा आत घ्यायची बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढवत नाही. झाकण सैल करताना हवा आत शिरल्याचा जोराचा 'फुस्स' आवाज आला आणि लगेच गाडी सुधारली तर तुमचं काम तिथेच झालं. माझ्याकडे आवाज आला नाही. खात्रीसाठी पुढच्या फेरीला झाकण थोडं सैल ठेवून टाकीचा तिसरा भाग भरलेला असताना घाट चढून बघितला. तरी बिघाड आला. झाकण निर्दोष. (सैल झाकणाने गाडी फक्त तपासणीपुरती, टाकी काठोकाठ नसतानाच चालवा.)

नळीने सगळ्यांना फसवलं होतं

काकांकडे परत गेले आणि सांगितलं, "काका, पेट्रोलच मरतंय. वाटी कोरडी होती." त्यांनी आधी पंपाची टाकीकडची नळी काढली, त्या जागी छोटी नळी लावून ती खाली ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात सोडली, पुढची नळी बाटलीत धरली, कॉईलची वायर काढून सेल्फ मारला. धार जोरदार. पंप चांगला. म्हणजे दुखणं पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या वाटेवर.

ही वाट यापूर्वी दोन गॅरेजमध्ये तपासली होती. दोन्हीकडे पुढून हवा मारली, टाकीत बुडबुडे वाजले, 'लाईन साफ आहे' असं सांगितलं. काका म्हणाले, "आपण फुंकतोय मागं. पंप ओढतोय पुढं. ओढून बघा की."

औषधाच्या दुकानातून ५० मिलीची मोठी सिरिंज आणली. तिच्या तोंडाला नळी बसवून ती लाईनच्या पुढच्या टोकाला जोडली. दांडा मी स्वतः ओढला. सुरुवातीला पेट्रोल सहज आलं, वीसेक मिली. मग दांडा जड झाला, जणू कोणी पलीकडून धरून ठेवलाय. हात सोडला तर दांडा आपोआप आत गेला. थोडं थांबून ओढला, पुन्हा वीसेक मिली आलं आणि पुन्हा अडकलं. गाडी पाच मिनिटं बंद ठेवली की का सुधारते, ते त्या सिरिंजमध्ये डोळ्यांसमोर दिसत होतं.

आता वाटेचे तुकडे पाडायचे. गाडीच्या पोटाखालचा लोखंडी पाइप दोन्ही टोकांनी सोडवून ओढला: मोकळा. टाकीच्या तोंडाला सिरिंज लावली: पेट्रोल सरळ येतंय, म्हणजे टाकीतली जाळीही साफ. मध्ये उरली एक वीतभर रबरी नळी, टाकीला लोखंडी पाइपाशी जोडणारी. बाहेरून काळीभोर, मऊ, एकही चीर नाही. जुनी तडकली म्हणून दोन-अडीच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललेली. म्हणूनच तिच्यावर कोणाचा संशय गेला नव्हता. 'ती तर नवीच आहे' हे वाक्य मीही दोनदा बोलले होते.

काकांनी ती ब्लेडने उभी चिरली. आतला थर रबरापासून सुटून दुधावरच्या सायीसारखा लोंबत होता. एका बाजूने धरलेला, दुसरीकडून मोकळा. बोटाने टाकीच्या दिशेने ढकलला की भिंतीला चिकटून बसायचा आणि वाट पूर्ण मोकळी. पंपाच्या दिशेने ओढला की उभा राहून नळीचं तोंड झाकायचा. मागे फुंकली तर मोकळी आणि पुढे ओढली तर बंद. म्हणून हवा मारून ती दोनदा पास झाली होती. मागणी कमी असली की पापुद्रा अर्धा उभा राहायचा आणि तेवढ्यात आयडलिंगचं भागायचं. चढाला ओढ वाढली की पूर्ण मिटायचा. गाडी बंद केली की ओढ जाऊन पुन्हा सैल.

ती नळी पेट्रोलसाठीची नव्हतीच. अंगावर कसलाही छाप नव्हता. पाण्याची किंवा हवेची नळी पेट्रोलमध्ये काही महिने तग धरते, नंतर आतून फुगते, पदर सुटतात. त्यात आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे पोचलं. नव्वदच्या दशकातल्या गाडीचे रबरी भाग, सील, डायफ्रॅम या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि टाकीच्या तळाचा जुना मळ सुटा करतं. तो मळ फिल्टरमध्ये येतो. तुमची गाडी त्या काळातली असेल तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदाच बदलून टाका, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. दुकानात 'पेट्रोल नळी' एवढंच म्हणून थांबू नका, नळीवर छापलेलं वाचा. मी एसएई जे३० आर९ (इंधनाच्या नळीचा एक दर्जा) छापलेली घेतली. तिचा आतला थर इथेनॉलला टिकतो. सव्वा मीटर नळी आणि नव्या क्लिपा, कार्बोरेटर किटच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च नाही.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

बिघाड तापल्यावरच येत असेल, गाडी पूर्ण बंद पडत असेल आणि अर्धा तास गार झाल्याशिवाय चालू होत नसेल, तर कॉईल किंवा डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपवर पहिला संशय घ्या. दोन्ही गार असताना मल्टिमीटरवर अगदी बरोबर दाखवतात. गरम असतानाच मोजायचे.

फक्त पावसात मिसिंग होत असेल तर रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, वायरींवर आणि कॅपवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचे बारीक तुषार मारा आणि लांबून बघा. जिथून करंट गळतो तिथे निळ्या ठिणग्या दिसतात. हात लांब ठेवा, तो झटका जोराचा असतो.

चालताना ठीक, पण सिग्नलला पाय सोडला की बंद पडत असेल तर कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) बघा. किल्ली फिरवली की त्याचा 'टिक' आवाज यायला हवा. तो येत असेल तर कार्बोरेटरखालच्या गास्केटमधून हवा ओढली जातेय का ते तपासा.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीत पंप विजेचा असतो. तिथे पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) आणि तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) हे नेहमीचे संशयित. चेक इंजिनचा दिवा लागला नसला तरी स्कॅनर लावून साठलेले कोड वाचून घ्या. जुन्या डिझेल जीपला हीच लक्षणं आली तर बहुतेक वेळा लाईनने हवा धरलेली असते. परतीच्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतील, आणि मग टाकीपासून प्रत्येक जोड बघत या. डिझेलमध्ये गळती बाहेर दिसत नाही, कारण तिथून थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते.

नळी बदलल्यावर लगेच आनंद मानायचा नाही, असं ठरवलं होतं. मुद्दाम टाकी पाव भरलेली ठेवून, आई-बाबा आणि सामान घेऊन, म्हणजे वहीत ज्या परिस्थितीत सगळ्यात जास्त त्रास होता त्याच परिस्थितीत, पाच फेऱ्या केल्या. पाचही वेळा खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. वर थांबून दर वेळी फिल्टर बघितला, तो पेट्रोलने भरलेला होता. पाचव्या फेरीनंतर काकांना फोन केला. ते म्हणाले, "क्लिपा परत आवळल्या का? नवी नळी महिन्याभरात बसती, मग क्लिप ढिली पडती. या शनिवारी आलीस की पोटाखाली शिरून बघू."

शनिवारी बघितलं. मागची क्लिप खरंच अर्धा आटा ढिली झाली होती. आवळून घेतली, आणि वहीत तारीख लिहिली.